सिस्मिक डेटा, भूकंप आणि ज्वालामुखी: सारखे विचारले जाणारे प्रश्न

कुठे मोठा भूकंप झाला की दोन-तीन दिवस तेच तेच प्रश्न येत राहतात, मग सगळे विसरतात, पुढच्या भूकंपाला परत पहिल्यापासून सुरू. म्हणून एकदाच बसून लिहून काढलंय. मी काही या विषयातला डॉक्टरेट माणूस नाही, पण बरीच वर्षं वेव्हफॉर्म, म्हणजे जमिनीच्या हालचालीच्या रेषा, बघत बसायचा नाद आहे, त्या नादातून जे कळलं ते इथे. प्रश्न जसे आठवले तसे आहेत, क्रम फारसा लावलेला नाही.

सिस्मिक डेटा म्हणजे नक्की काय असतं?

एका ठिकाणची जमीन कुठल्या क्षणी, कुठल्या दिशेला, किती वेगाने हलली याचे आकडे. बस. दिशा तीन असतात, वर-खाली, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम, आणि प्रत्येक दिशेसाठी सेकंदाला साधारण १०० आकडे लिहिले जातात. हिशोब केलात तर एका स्टेशनचे, म्हणजे यंत्र बसवलेल्या एका जागेचे, एका दिवसाचे अडीच कोटींच्या वर आकडे होतात आणि त्यातले बहुतेक सगळे "काही झालं नाही" एवढंच सांगत असतात. पण हे "काही झालं नाही" त्या त्या स्टेशनवर कसं दिसतं ते माहीत असल्याशिवाय "काहीतरी झालं" हे ओळखता येत नाही. हा मुद्दा खाली परत परत येणारे, आत्ताच सांगून ठेवतो.

आकड्याइतकीच वेळ महत्त्वाची. प्रत्येक स्टेशनला जीपीएसचं घड्याळ जोडलेलं असतं कारण लहरी कवचातून सेकंदाला सहा-एक किलोमीटर पळतात, त्यामुळे घड्याळ एक सेकंद जरी चुकलं तरी भूकंपाची जागा कित्येक किलोमीटर सरकते.

जमीन हलते तेव्हा यंत्रपण तिच्यासोबत हलतं ना, मग त्याला कळतं कसं?

बस झटक्यात सुटली की उभा माणूस मागे जातो ना, तेच. यंत्राच्या आत एक वजन स्प्रिंगला टांगलेलं असतं, जमीन आणि डबा हलतो पण वजन आपल्या जागी राहायला बघतं, आणि दोघांमधला फरक म्हणजे तुमचा सिग्नल. हल्लीच्या ब्रॉडबँड सिस्मोमीटरमध्ये तर वजनाला हलूच देत नाहीत, ते जागच्या जागी धरून ठेवायला किती करंट लागला तोच मोजतात. त्यामुळे एकच यंत्र सेकंदाला कित्येक वेळा होणारी थरथरही पकडतं आणि दोन दोन मिनिटांची एक अशी संथ हेलकावणारी लहरही. मात्र भूकंप अगदी जवळ झाला तर हे नाजूक यंत्र पार कापलं जातं, म्हणजे सिग्नल वरच्या आणि खालच्या टोकाला चपटा दिसतो, म्हणून शेजारी जोराचे हादरे मोजणारा एक दणकट ॲक्सिलरोमीटर बसवलेला असतो.

हे सगळं सुरू झालं ते जवळपास अपघातानेच. १८८९ च्या एप्रिलमध्ये जर्मनीत पॉट्सडॅमला अर्न्स्ट फॉन रेबॉयर-पाशविट्झ या माणसाच्या लोलकाने एक विचित्र हेलकावा नोंदवला, त्याला कारण कळेना, नंतर टोकियोत भूकंप झाल्याचं त्याच्या वाचनात आलं आणि वेळ जुळली. दूरवरच्या भूकंपाची ही पहिली ओळखली गेलेली नोंद.

एका रेषेवरून भूकंप किती लांब झाला हे कसं सांगतात?

पी लहर आधी येते, एस लहर मागून. पी म्हणजे दाबत-ताणत जाणारी, एस म्हणजे आडवी हिसके देणारी, आणि एस द्रवातून जातच नाही. दोघी निघतात एकत्रच, पण एसचा वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे अंतर जितकं जास्त तितकी ती मागे पडत जाते. जवळच्या भूकंपांसाठी सोपा आडाखा असा की दोघींमधले सेकंद मोजा आणि ८ ने गुणा. १२ सेकंदांचा फरक असेल तर भूकंप साधारण ९६ किलोमीटरवर.

पण एका स्टेशनवरून असं नुसतं अंतर कळतं, दिशा नाही. तीन स्टेशनांची तीन वर्तुळं काढली की ती एकमेकांना जिथे छेदतात तिथे केंद्र, हे शाळेतलं चित्र. खरं काम आता कॉम्प्युटर डझनावारी स्टेशनांवरून करतो आणि त्यातली सगळ्यात अवघड गोष्ट असते खोली. बातमीत "खोली १० किलोमीटर" असं तुम्ही कितीतरी वेळा वाचलं असेल, तर बऱ्याचदा त्याचा अर्थ असा असतो की खोली नीट ठरवता आली नाही म्हणून १० हा ठरलेला आकडा तात्पुरता टाकून दिलाय. हे कळल्यापासून मी तरी बातमीतल्या खोलीवर लगेच भरवसा ठेवत नाही.

रिश्टर स्केलवर किती झाला?

खरं सांगायचं तर रिश्टर स्केल आता मोठ्या भूकंपांना कोणी लावत नाही. चार्ल्स रिश्टरने १९३५ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियाच्या भूकंपांसाठी, एका ठरावीक जातीच्या यंत्रासाठी ते बनवलं होतं. मोठा भूकंप झाला की ते अडकतं, म्हणजे भूकंप कितीही मोठा असला तरी आकडा एका मर्यादेच्या वर जातच नाही. म्हणून १९७९ मध्ये हँक्स आणि कानामोरी यांनी मोमेंट मॅग्निट्यूड मांडलं, ज्यात फॉल्टचा, म्हणजे खडक ज्या भेगेवर सरकतात तिचा, किती भाग फाटला, तो किती सरकला आणि खडक किती ताठ आहे यावरून आकडा काढतात. आकडा एकने वाढला की लहरीची उंची १० पट आणि ऊर्जा साधारण ३२ पट, दोनने वाढला की ऊर्जा हजार पट. आत्तापर्यंत मोजलेला सगळ्यात मोठा म्हणजे २२ मे १९६० चा चिलीचा, ९.५. आणि हो, मॅग्निट्यूड शून्याच्या खालीही जातं, अगदी जवळ संवेदनशील यंत्र असेल तर उणे १ चे भूकंपसुद्धा पकडले जातात, त्यात चुकीचं काही नाही.

मग एक संस्था ६.१ सांगते, दुसरी ६.४, तासाभराने तिसराच आकडा. कोण खोटं बोलतंय?

कोणीच नाही. वेगळी स्टेशनं, वेगळी पद्धत, वेगळा मॅग्निट्यूडचा प्रकार. पहिल्या दोन-तीन मिनिटांत तर फॉल्ट फाटायचा पूर्ण थांबलेलासुद्धा नसतो कधी कधी. ११ मार्च २०११ ला जपानच्या हवामान संस्थेने पहिला आकडा ७.९ दिला होता, अंतिम आला ९.०. म्हणजे ऊर्जेच्या हिशोबात चाळीस-एक पटींचा फरक, आणि त्सुनामीचा पहिला इशारा त्या ७.९ वर बेतलेला होता म्हणून लाटांची उंची कमी सांगितली गेली. त्यानंतर जपानने इशारा देण्याची पद्धतच बदलली, आता खूप मोठा भूकंप असेल तर सुरुवातीला मीटरमध्ये उंची न सांगता थेट "प्रचंड" असा शब्द वापरतात.

आपल्याकडे मराठीत अजून एक घोळ आहे. बातम्यांमध्ये मॅग्निट्यूडला "तीव्रता" म्हणतात, पण तीव्रता ही खरं तर वेगळीच गोष्ट, ती मर्काली नावाच्या मोजपट्टीवर रोमन आकड्यांत सांगतात आणि ती गावागणिक बदलते. मॅग्निट्यूड म्हणजे बल्ब किती वॅटचा, तीव्रता म्हणजे तुम्ही बसलाय तिथे उजेड किती. उथळ आणि जवळचा ६ चा भूकंप लांबच्या खोल ७ पेक्षा जास्त घरं पाडू शकतो.

भूकंपाच्या नकाशावरचे ते काळे-पांढरे बॉल कसले असतात?

बीच बॉल म्हणतात त्यांना. प्रत्येक स्टेशनवर पी लहरीचा पहिला झटका वर होता की खाली यावरून फॉल्ट कुठल्या दिशेला सरकला ते काढतात आणि ते या बॉलमध्ये रंगवतात. मधोमध रंग आणि दोन्ही कडांना पांढरं असेल तर खडक एकमेकांवर चढले, उलट असेल तर ताणून खाली घसरले, चार पाकळ्यांचा दिसला तर आडवे सरकले. आठवडाभर नकाशा बघत बसलात की आपोआप डोळ्यांना सवय होते.

आफ्टरशॉक किती दिवस येतात? आणि मोठा झाला तो मुख्य होता की अजून मोठा यायचाय?

जपानच्या फुसाकिची ओमोरी यांनी १८९४ मध्येच दाखवलं होतं की आफ्टरशॉक, म्हणजे मोठ्या भूकंपामागून येणारे धक्के, वेळेच्या प्रमाणात कमी होत जातात, दहाव्या दिवशी पहिल्या दिवसाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकेच उरतात. पण शेपूट लांब असते, मोठ्या भूकंपाची तर वर्षानुवर्षं. सगळ्यात मोठा आफ्टरशॉक सरासरीने मुख्य भूकंपापेक्षा १.२ ने लहान असतो असा एक नियम आहे, पण "सरासरीने" हा शब्द नीट वाचा. ६ फेब्रुवारी २०२३ ला तुर्कस्तानात ७.८ च्या मागोमाग नऊ तासांनी ७.५ चा झाला, शेजारच्याच दुसऱ्या फॉल्टवर.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या क्षणी कोणाकडेच नसतं. ९ मार्च २०११ ला जपानच्या त्याच भागात ७ च्या वरचा भूकंप झाला तेव्हा तो "मुख्य भूकंप" होता, दोन दिवसांनी ९.० चा आल्यावर तो "पूर्वधक्का" झाला. पूर्वधक्क्याच्या सिग्नलवर तसं काही लिहिलेलं नसतं हो.

ज्वालामुखीचा भूकंप वेगळा दिसतो का?

हा माझा आवडता प्रश्न, म्हणून जरा लांबण लागणारे.

ज्वालामुखीत दोन गोष्टी चालू असतात, खडक तुटतो आणि द्रव-वायू हलतात. खडक तुटला की साधा भूकंप दिसतो, पी स्पष्ट, एस स्पष्ट, धारदार सुरुवात. याला व्हीटी म्हणतात, व्होल्कॅनो-टेक्टॉनिक. मॅग्मा, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, वर यायला जागा करतो तेव्हा आजूबाजूचा खडक असा कडाकड मोडतो.

दुसरा प्रकार म्हणजे एलपी, लाँग पिरियड. हा सेकंदाला अर्ध्यापासून पाच वेळा अशा ठराविक सुरात गुणगुणतो, सुरुवात कुठे झाली ते बोट ठेवून दाखवता येत नाही आणि एस लहर शोधून सापडत नाही. वायू किंवा गरम पाणी भरलेली भेग दाब बदलला की घुमते, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर घुमतो तसा आवाज. यातलाच एक खास नमुना म्हणजे तोर्निलो, स्पॅनिशमध्ये स्क्रू, कारण कागदावर तो हुबेहूब स्क्रूसारखा दिसतो, सुरुवातीला जाड आणि मग सावकाश निमुळता होत जाणारा. कोलंबियातल्या गॅलेरस ज्वालामुखीवर १९९२-९३ च्या उद्रेकांआधी असे स्क्रू दिसले होते, संख्येने अगदी थोडे, त्यामुळे त्यांचा अर्थ काय लावायचा यावर तेव्हा एकमत नव्हतं. १४ जानेवारी १९९३ ला तो फुटला तेव्हा विवराजवळ गेलेले सहा शास्त्रज्ञ आणि तीन पर्यटक मृत्युमुखी पडले. तेव्हापासून धडा हा की नुसती संख्या मोजू नका, सिग्नलचा आकारही बघा.

तिसरा म्हणजे ट्रेमर, सलग थरथर. हा सुरू झाला की मिनिटं, तास, कधी कधी दिवसेंदिवस थांबत नाही. एलपी एकामागून एक इतके जवळ आले की ते एकमेकांत मिसळून ट्रेमर होतो असंही होतं, आणि याचं सगळ्यात भारी उदाहरण अलास्कातल्या रिडाउट ज्वालामुखीचं. २००९ च्या मार्चमध्ये तिथे छोटे छोटे एकसारखे भूकंप इतक्या वेगाने व्हायला लागले की त्यांचा सलग सूर झाला, तो चढत चढत सेकंदाला ३० कंपनांपर्यंत गेला, मग अचानक शांतता आणि मग स्फोट. लोकांनी त्याला ज्वालामुखीची किंकाळी असं नावच दिलं. तो डेटा वेग वाढवून ऐकायला मिळतो, हेडफोन लावून ऐका, अंगावर काटा येतो.

अमेरिकेतल्या माउंट सेंट हेलेन्स ज्वालामुखीवर २००४ नंतर याच्या उलट प्रकार होता, ढोलाच्या ठेक्यासारखे अगदी ठराविक अंतराने एकसारखे भूकंप, कारण आतून घट्ट झालेला लाव्हा खुंटीसारखा थोडा थोडा वर ढकलला जात होता.

या सगळ्याचा प्रत्यक्षात उपयोग झालाय का कधी?

पिनाटुबो. फिलिपिन्स, १९९१. २ एप्रिलला डोंगरावर वाफेचे स्फोट झाले तेव्हा तिथे नीट यंत्रणाच नव्हती, फिलिपिन्सच्या आणि अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी घाईघाईने स्टेशनं बसवली. त्यांच्याकडे एक साधी पण कमाल युक्ती होती, आरसॅम, म्हणजे प्रत्येक भूकंप ओळखत न बसता ठराविक मिनिटांत जमीन सरासरी किती हलली याचा एकच आकडा काढायचा आणि तो चढतोय का ते बघायचं. भूकंप इतके होत होते की एकेक मोजणं शक्यच नव्हतं. सोबत सल्फर डायऑक्साइड मोजला, जुन्या राखेचे थर पाहून हा डोंगर पूर्वी किती मोठा फुटला होता ते बघितलं, आणि हजारो लोकांना हलवलं. १५ जूनला तो गेल्या शतकातल्या सगळ्यात मोठ्या उद्रेकांपैकी एक होऊन फुटला. नेमकं त्याच दिवशी चक्रीवादळ आलं, ओली राख छपरांवर बसून घरं कोसळली, त्यामुळे मृत्यू झालेच, पण लोक जागेवर असते तर काय झालं असतं याची कल्पनाही करवत नाही.

त्याआधी सहाच वर्षं, नेवाडो देल रुइझ, कोलंबिया, १३ नोव्हेंबर १९८५. तिथेही यंत्रं होती, धोक्याचा नकाशाही तयार होता, पण आर्मेरो गाव हललं नाही आणि बर्फ वितळून आलेल्या चिखलाच्या लोंढ्यात साधारण २३,००० माणसं गेली. डेटा असणं आणि त्यावर कोणीतरी निर्णय घेणं यात अख्खं गाव मावतं.

भूकंपांचा सडा पडला की ज्वालामुखी फुटणारच ना?

नाही. सडा, म्हणजे स्वार्म, बऱ्याचदा नुसताच विझतो. मॅग्मा निघतो, वर यायचा प्रयत्न करतो, मध्येच अडकतो आणि थंड होतो. सँटोरिनीजवळ २०२५ च्या सुरुवातीला हजारो भूकंप झाले, हजारो लोक बेट सोडून गेले, उद्रेक झाला नाही. इटलीतल्या काम्पी फ्लेग्रेई भागात १९८२ ते ८४ मध्ये जमीन जवळपास १.८ मीटर वर आली, हजारो भूकंप, उद्रेक नाही. आता २००५ पासून ती परत वर येतेय.

उलट बाजूला आइसलंडचं ग्रिंडाविक. १० नोव्हेंबर २०२३ ला भूकंपांचे ठिपके नकाशावर एका रेषेत सरकत गावाखालून जाताना दिसले, साधारण १५ किलोमीटर लांबीची मॅग्माची भिंत जमिनीखाली घुसत होती, त्याच रात्री गाव रिकामं केलं. उद्रेक झाला तो १८ डिसेंबरला. म्हणून ठिपके किती यापेक्षा ठिपके कुठून कुठे सरकतायत हे बघा, आणि सोबत जीपीएस, उपग्रहाचे रडार, वायू, सगळं.

आणि काही डोंगर फारशी पूर्वसूचना देतच नाहीत. जपानचा ओंताके, २७ सप्टेंबर २०१४, दोन आठवडे आधी भूकंप थोडे वाढून परत कमी झाले होते, ट्रेमर सुरू झाला तो उद्रेकाच्या फक्त ११ मिनिटं आधी. शनिवारची दुपार, शिखरावर ट्रेकर्सची गर्दी. ६३ जण मृत किंवा बेपत्ता. तो मॅग्माचा नव्हे तर वाफेचा स्फोट होता आणि वाफेला वर यायला खडक फारसा फोडावा लागत नाही, मग यंत्राला ऐकू काय येणार.

मोठ्या भूकंपाने ज्वालामुखी पेटतो का?

क्वचित, आणि फक्त आधीच तयारीत असेल तर. १९६० च्या चिली भूकंपानंतर दोन दिवसांत तिथलाच कोर्दोन काउये ज्वालामुखी फुटला. पण बहुतेक मोठ्या भूकंपांनंतर असं काहीही होत नाही.

माणसामुळे भूकंप होतात हे खरं की अफवा?

खरं. मोठ्या धरणाचं पाणी, खाणी, जमिनीत जोराने सोडलेलं सांडपाणी. धरणामुळे झालेल्या भूकंपांत जगभर दाखला दिला जातो तो कोयनेच्या १० डिसेंबर १९६७ च्या भूकंपाचा. ओक्लाहोमामध्ये तेलविहिरींचं खारं पाणी खोल जमिनीत सोडल्यामुळे भूकंप वाढले, २०१६ मध्ये ५.८ पर्यंत. आधीच ताणलेल्या फॉल्टच्या भेगांमधला दाब पाण्याने वाढला की त्याची पकड सुटते, एवढंच तत्त्व.

भूकंपाचं भाकीत करता येतं का? मला एक व्हिडिओ आला होता...

नाही करता येत. तो व्हिडिओ पुढे पाठवू नका.

तारीख, जागा आणि मॅग्निट्यूड तिन्ही आधी सांगितलं तरच ते भाकीत. "येत्या महिन्यात कुठेतरी ६ च्या वरचा होईल" हे मीपण सांगतो, कारण जगात ७ च्या वरचेच वर्षाला साधारण १५ होतात आणि ६ चे त्याच्या साधारण दहापट.

चीनमध्ये ४ फेब्रुवारी १९७५ ला हायचेंगच्या ७.३ च्या भूकंपाआधी लोकांना बाहेर काढलं होतं, खरंय, पण तिथे आधी पूर्वधक्क्यांची रांगच लागली होती. पुढच्याच वर्षी तांगशानला असं काही झालं नाही आणि अधिकृत आकड्यानुसार २,४२,००० माणसं गेली. कॅलिफोर्नियातल्या पार्कफील्डला दर २२ वर्षांनी ६ चा भूकंप होतो म्हणून १९९३ पर्यंत होणारच असं धरून शास्त्रज्ञ यंत्रं लावून बसले, आणि तो आला २८ सप्टेंबर २००४ ला, कुठलीही चाहूल न देता, इतकी यंत्रं चालू असताना. माझ्या मते भाकिताबद्दल यापेक्षा प्रामाणिक प्रयोग झाला नसेल.

पण मोबाईलवर तर भूकंपाआधी अलर्ट येतो?

तो भाकीत नाही, भूकंप झालेला असतो, फक्त तुमच्यापर्यंत पोचायचा असतो. केंद्राजवळच्या स्टेशनने पी लहर पकडली की संदेश जवळपास प्रकाशाच्या वेगाने जातो आणि नुकसान करणारी एस लहर मागून रखडत येते. मेक्सिको सिटीला याचा फायदा मोठा कारण तिचे मोठे भूकंप बरेचसे तीनशे-एक किलोमीटरवरच्या किनाऱ्याला होतात, मिनिटभर मिळतं. पण १९ सप्टेंबर २०१७ चा भूकंप शहराच्या बराच जवळ झाला आणि भोंगे वाजेपर्यंत जमीन हलायला लागलेली होती. केंद्राच्या अगदी जवळ असाल तर कुठलीच यंत्रणा काही करू शकत नाही.

भूकंप नसतो तेव्हा यंत्राची रेषा सरळ का नसते?

कारण जमीन कधीच गप्प नसते. समुद्राच्या लाटांची थरथर जगातल्या प्रत्येक स्टेशनवर दिसते, खंडाच्या मध्यावरसुद्धा. वारा, रेल्वे, ट्रक, सगळं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये माणसांनी केलेला हा गोंगाट काही ठिकाणी ५० टक्क्यांपर्यंत खाली आला, ११७ देशांतल्या २६८ स्टेशनांच्या डेटात हे तपासलंय.

गंमत म्हणजे हा गोंगाटही कामाचा. दोन स्टेशनांवरचा गोंगाट महिनोन् महिने ताडून पाहिला की त्यांच्या मधल्या खडकातून लहर किती वेगाने जाते ते काढता येतं. रीयुनियन बेटावरच्या पिटॉन द ला फुर्नेझ ज्वालामुखीवर उद्रेकाआधी हा वेग किंचित, एक टक्क्याच्याही बराच खाली, कमी होतो हे असंच सापडलं.

अणुचाचणी आणि भूकंप कसे वेगळे ओळखतात?

स्फोट सगळ्या बाजूंना ढकलतो, म्हणून प्रत्येक स्टेशनवर पहिला झटका बाहेरच्या दिशेला. भूकंपात काही ठिकाणी ढकल, काही ठिकाणी ओढ. शिवाय स्फोटात पी जोरदार आणि पृष्ठभागावरच्या लहरी त्या मानाने मरतुकड्या. उत्तर कोरियाच्या सहाही चाचण्या अशाच पकडल्या गेल्या.

मला स्वतः डेटा बघायचाय, कुठून सुरू करू?

डेटा फुकट आहे, हे लोकांना खरंच वाटत नाही. अमेरिकेचं अर्थस्कोप, युरोपचं ऑर्फियस, पॉट्सडॅमची जीएफझेड, डेटा ठेवणाऱ्या या सगळ्या संस्थांची दारं उघडी. पायथनमधली ऑब्सपाय लायब्ररी घ्या, दहा ओळींत पहिला वेव्हफॉर्म स्क्रीनवर येतो. फाईल मिनीसीड नावाच्या फॉरमॅटमध्ये असते. चॅनलच्या नावाला घाबरू नका, बीएचझेड म्हणजे बी ब्रॉडबँड, एच संवेदनशील सिस्मोमीटर, झेड वर-खाली. सुरुवात एखाद्या मोठ्या, नावाजलेल्या भूकंपापासून करा, छोट्यापासून नको.

चुका सगळे त्याच करतात. वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असते, स्थानिक वेळेने शोधाल तर रिकामी रेषा बघत बसाल, मी बसलोय. यंत्राचा रिस्पॉन्स, म्हणजे यंत्राने सिग्नलमध्ये केलेला बदल, काढल्याशिवाय त्या आकड्यांना काही अर्थ नाही, ते नुसते काउंट्स असतात, मीटर नव्हे. डेटात मध्ये खंड पडला असेल तर तो शून्याने भरून फिल्टर लावलात तर खंडाच्या दोन्ही टोकांना झकास खोटे भूकंप तयार होतात.

आणि एक लाजिरवाणी गोष्ट सांगतो. एका ज्वालामुखीजवळच्या स्टेशनवर मला सुरेल ट्रेमर सापडला, एकच सूर, तासन् तास, दोन रात्री झोप नाही. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की तो रोज ठरलेल्या वेळी सुरू होतो, ठरलेल्या वेळी बंद होतो आणि रविवारी सुट्टी घेतो. कुठलं तरी मशीन होतं. ज्वालामुखी शिफ्टमध्ये काम करत नाही. शेजारच्या दुसऱ्या स्टेशनवर बघितलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं.

आता एआय आलाय, माणसाची गरज उरली का?

पी आणि एस टिपण्याचं कंटाळवाणं काम फेजनेटसारखी मॉडेल्स झपाट्याने करतात आणि माणसाच्या नजरेतून सुटलेले बारीक भूकंप पकडतात. त्याच सुमारास जुन्या भूकंपांचे नमुने डेटावर सरकवून जुळणारे शोधायच्या पद्धतीने दक्षिण कॅलिफोर्नियात २००८ ते २०१७ मधले १८ लाख भूकंप सापडले, आधीच्या यादीच्या दहापट. पण मॉडेलने जे कधी पाहिलंच नाही ते त्याला ओळखता येत नाही, आणि माझ्या त्या मशीनलाही त्याने कदाचित आनंदाने ट्रेमर म्हटलं असतं.

कधी असा सिग्नल आला का की कोणालाच कळेना?

आला की. ११ नोव्हेंबर २०१८ ला जगभरच्या स्टेशनांवर वीस-एक मिनिटं एक संथ, एकसुरी घुमणं दिसलं, साधारण १६ सेकंदांना एक हेलकावा, आणि त्या वेळी कुठेही मोठा भूकंप नाही. माग काढत गेले तर आफ्रिकेजवळच्या मायोत बेटाच्या आसपास. तिथे मे महिन्यापासून भूकंप चालूच होते. २०१९ मध्ये जहाज नेऊन समुद्राचा तळ मोजला तर बेटापासून ५० किलोमीटरवर, आधी जिथे काही नव्हतं तिथे, ८०० मीटरच्या वर उंचीचा नवा कोरा ज्वालामुखी उभा.

दुसरा १६ सप्टेंबर २०२३ चा. यावेळी ९२ सेकंदांना एक हेलकावा, आणि तो नऊ दिवस थांबला नाही. शास्त्रज्ञ गमतीत त्याला "अनोळखी सिस्मिक वस्तू" म्हणायला लागले. पंधरा देशांतले ६८ जण कामाला लागले तेव्हा कुठे उलगडा झाला. पूर्व ग्रीनलंडच्या डिक्सन फ्योर्डमध्ये अडीच कोटी घनमीटर खडक आणि बर्फ कोसळला, २०० मीटर उंच लाट उठली आणि मग त्या अरुंद खाडीतलं पाणी या काठावरून त्या काठावर असं बादलीतल्या पाण्यासारखं डचमळत राहिलं, आणि त्या डचमळण्याचा धक्का जगाच्या दुसऱ्या टोकाच्या स्टेशनांवर उमटत राहिला. ते चालू असतानाच, तिसऱ्या दिवशी, डेन्मार्कचं एक गस्ती जहाज त्या फ्योर्डमध्ये जाऊनही आलं होतं. जहाजावरच्या लोकांना पाणी हलताना दिसलं नाही.